टोचलेले वाक्य घरी नेऊ नका

कामाच्या ठिकाणी कोणी चारचौघांत तोडून बोलले, की ते वाक्य घरापर्यंत पाठ सोडत नाही आणि अंथरुणाला पाठ टेकल्यावरही आपण मनातल्या मनात त्याला उत्तरे देत बसतो. मला लागू पडलेला उपाय निघण्यापूर्वीच्या १० मिनिटांचा आहे.

१. स्वतःच्या वहीत समोरच्याचे शब्द तारीख-वेळेसह जसेच्या तसे लिहावेत. ‘माझा अपमान केला’ असे न लिहिता ‘बैठकीत सर्वांसमोर म्हणाले, एवढेही जमत नाही का?’ असे लिहावे. फरक क्षुल्लक वाटेल. परंतु दिवसभर डोक्यात घुमणारे ते वाक्य कागदावर उतरले की बहुधा चार-पाच शब्दांचेच निघते, आणि त्यात आपण घातलेली भर आपल्यालाच दिसू लागते.

२. त्याखाली उद्या करायची एकच गोष्ट लिहावी, जसे की ‘११ वाजता अहवालातला नेमका कोणता आकडा चुकला ते विचारणे’. काहीच करायचे नसेल, तर तसे लिहावे.

३. वही मिटून घरी जावे, कामाचे निरोप बंद करावेत आणि हात गुंततील असे काहीतरी करावे. नुसते पडून राहिल्यास तेच वाक्य परत येते, हा माझा अनुभव. घरच्यांना घडलेले जरूर सांगावे, पण एकदाच.

एक खबरदारी अवश्य घ्यावी: ही नोंद कार्यालयाच्या संगणकावर करू नये आणि पाने फाडूही नयेत, कारण असे बोलणे वारंवार होऊ लागल्यास तक्रार करताना याच तारखा उपयोगी पडतात.