आंबोली-चौकुळच्या रस्त्यावर कॅमेरा घेऊन चालताय? या चुका टाळा

पावसाळ्यात आंबोलीला येणारे बहुतेक लोक मुख्य धबधब्यापाशी उतरतात, भिजतात, भाजलेलं कणीस खातात आणि परत फिरतात. त्याच आंबोलीतून एक रस्ता चौकुळला जातो. वर्दळ कमी, कडेला झाडी, मध्येच उघडा पडलेला सडा (जांभ्या खडकाचं पठार), आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ रोजचं धुकं. या भागात वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. इथे चालताना फोटो बिघडतात त्याची कारणं ठरलेली असतात. त्यातली बरीच मी स्वतः अनुभवली आहेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाडीतून फोटो शोधणं. ताशी वीसच्या वेगानेही इथलं काही दिसत नाही. मलबारी चापडा हा विषारी साप शेवाळलेल्या फांदीवर वेटोळं घालून बसला, की हातभर अंतरावरूनही पटकन ओळखू येत नाही, आणि तो तासन्‌तास एकाच जागी असतो. म्हणून गाडी गावात लावा आणि चाला. तासाभरात एक किलोमीटर झाला तरी पुष्कळ. रस्त्याकडेला गाडी घुसवलीत तर गावकऱ्यांची अडचण होते. मला एकदा एका आजोबांनी शांतपणे सांगितलं, "गाडी हंयसर नको, आता गुरां येतली." पाचच मिनिटांत खरंच म्हशींचा कळप आला.

चालताना उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसेल. आंधळ्या वळणावर मात्र ज्या बाजूने चालकाला तुम्ही लांबून दिसाल ती बाजू धरा. काळा रेनकोट धुक्यात अजिबात दिसत नाही. पिवळा किंवा नारिंगी घ्या. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे सरकायची सवय तर आजच सोडा. जळवांसाठी पायमोज्यात पॅंट खोचा.

फोटो पांढुरके, धूसर का येतात?

तीन वेगवेगळी कारणं असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

एसी गाडीतून किंवा एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला, तर थंड काचेवर बाष्प धरतं. लोक ते पुसत बसतात, ते पुन्हा धरतं. पुसू नका. कॅमेरा बंद बॅगेतच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या, काच हवेइतकी गरम झाली की बाष्प आपोआप जातं. आणि येताना एसी बंद ठेवणं सगळ्यात सोपं.

मोबाइलवाल्यांचं कारण बहुधा वेगळं असतं: लेन्सवर बोटाचा चिकटपणा आणि त्यावर पावसाचा थेंब. ओल्या रुमालाने तो नुसता पसरतो. शर्टाच्या आतल्या खिशात एक कोरडं मऊ सुती कापड ठेवा आणि प्रत्येक फोटोआधी पुसा.

तिसरं कारण फ्लॅश. धुक्यात समोरून फ्लॅश मारला की हवेतले थेंबच उजळतात आणि मागचं झाड हरवतं. तो बंद करा.

फोटो धूसर नसून काळपट, करडा येत असेल तर ते मीटरचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या यंत्रणेचं काम आहे. पांढरं धुकं कॅमेऱ्याला करडं करायचं असतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-काळा करायची सेटिंग) अधिक दोन-तृतीयांश ते अधिक एकवर न्या. मोबाइलवर स्क्रीनला बोट टेकवून वर सरकवा. हिरवा रंग फिका वाटतोय? पानं ओली असल्याने त्यांच्यावर आकाशाची चकाकी येते. पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा, चकाकी कापणारा फिल्टर) फिरवला की ती जाते आणि खालचा खरा हिरवा दिसतो. त्यात दीड-दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, वाढवायला कचरू नका. थोडे दाणे चालतात, हललेला फोटो चालत नाही.

जिवाला हलवून फोटो काढणं

हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

पाणथळ खड्ड्यावर झुकलेल्या फांदीला कधी कधी मुठीएवढा पांढरा फेस चिकटलेला दिसतो. ते मलबार ग्लायडिंग फ्रॉग या झाडावरच्या बेडकाचं घरटं. मादी पाय हलवून फेस घुसळते आणि त्यात अंडी घालते. काही दिवसांनी फेस सैल होतो आणि टॅडपोल खालच्या पाण्यात टपकतात. सगळा हिशोब फांदी बरोबर पाण्यावर असण्याचा आहे. उजेड चांगला मिळावा म्हणून कुणी ती फांदी वाकवून बाजूला अडकवली, की पिल्लं कोरड्या मातीवर पडतात. मी अशी अडकवलेली फांदी एकदा पाहिली आहे. खाली माती होती, पाणी हातभर लांब होतं.

बेडकाला हात लावू नका. त्याची त्वचा पाणी आणि त्यातली रसायनं शोषून घेते. तुमच्या हातावरचं डास पळवायचं मलम किंवा सनस्क्रीन त्याच्या अंगात जातं. काडीने चापड्याला डिवचणं तर धोक्याचं आहेच, शिवाय साप पकडणं-हाताळणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली येतं. बसलेल्या जागीच त्याचा फोटो घ्या. गुडघ्यावर बसून त्याच्या डोळ्याच्या उंचीवर या, उभ्याने वरून काढलेल्या फोटोपेक्षा तो शंभर पटींनी जिवंत वाटेल.

सड्यावर पाय टाकताना आणखी जपा. जांभ्याच्या खडकावर साचलेलं बोटभर पाणी आपल्याला डबकं वाटतं. आंबोली टोड अशाच उथळ डबक्यात अंडी घालतो. २००९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. आंबोलीच्या परिसरातच सापडणारी ही जात आता नामशेष होण्याच्या अगदी काठावर आहे. धबाधबा पाय आपटत सडा ओलांडणाऱ्या दहा जणांच्या घोळक्यात किती अंडी गेली, हे कुणालाच कळत नाही. कोरड्या खडकावरूनच चाला. रात्री गाडीने परतताना पहिल्या गिअरमध्ये, डांबरावर नजर ठेवून या, कारण पाऊस पडला की बेडूक-साप रस्त्यावरच असतात.

फोटो टाकताना मोबाइलमधली लोकेशनची नोंद काढून टाका आणि जागेचं नाव "आंबोली" एवढंच ठेवा. कुठल्या वळणावर, कुठल्या झाडावर, हे लिहिलंत तर पुढच्या रविवारी तिथे पंधरा टॉर्च असतात.

आता परतल्यानंतरची चूक, जिने माझी एक लेन्स गेली. ओला कॅमेरा बॅगेतच ठेवून मी झोपलो, दोन आठवड्यांनी पाहिलं तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. तांदळात पुरून ठेवू नका, पीठ फटीत जातं. बॅटरी-कार्ड काढा, कोरड्या कापडाने टिपा, पंख्याखाली रात्रभर उघडं ठेवा आणि सकाळी सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पुड्यांतले दाणे ओले झाले की ते बाहेर काढून कढईत मंद आचेवर परतवून पुन्हा वापरता येतात.