सीईटीच्या आधी मॉक टेस्ट द्या, आणि नीट द्या

बारावी सायन्सची बरीच मुलं सगळं बोर्डाच्या मागे लागतात आणि सीईटीचं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचं, काय तर बघू एप्रिलमध्ये. पण बोर्डाची तीन तास सविस्तर लिहायची सवय इथे उपयोगाची नाही. पीसीएमच्या (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) पेपरला पहिल्या 90 मिनिटांत फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न, म्हणजे एकाला जेमतेम 54 सेकंद! पुढच्या 90 मिनिटांत मॅथ्सचे 50, प्रत्येकी 2 मार्कांचे. आणि पहिल्या भागात वेळ उरला तर तो मॅथ्सला वापरता येत नाही. हे वाचून सगळ्यांनाच कळतं, पण रोटेशनल डायनॅमिक्सच्या एका गणितात चार मिनिटं गेली की केमिस्ट्रीचे चार सोपे प्रश्न हातचे जातात हे मॉक दिल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

सिलॅबस संपायची वाट बघत बसू नका, पहिली मॉक अकरावीच्या सुट्टीतच द्या, मार्क कमी येतील, येऊ देत. पेपर कॉम्प्युटरवर असतो म्हणून मोबाईलवर लोळत सोडवायचा नाही, घरी लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये विचारा, नाहीतर सायबर कॅफेत बसा. कच्चं काम कागदावर, कॅल्क्युलेटर अजिबात नाही, आणि तीन तास सलग, मध्ये चहासुद्धा नको.

केमिस्ट्री आधी घेऊन बघा, थिअरीचे प्रश्न पटापट होतात आणि फिजिक्सच्या न्यूमेरिकलला वेळ मिळतो, कुणाला उलटं जमत असेल तर तसं, पण ते मॉकमध्येच ठरवा, सेंटरवर नाही. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका, शेवटची दोन मिनिटं राहिलेले ऑप्शन टिक करायला ठेवा. जेईई पण देणार असाल तर तिथे ही सवय महागात पडेल, चुकलं की एक मार्क कापतात.

खरं काम मॉक संपल्यावर सुरू होतं आणि तेच बहुतेक जण टाळतात. चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवा आणि शेजारी लिहा, येतच नव्हता, घाईत चुकला की वेळच मिळाला नाही. अकरावीच्या चॅप्टरवरचे किती चुकले तेही मोजा, साधारण 20 टक्के पेपर त्याच्यावर असतो. आईबाबांनो, मार्क बघून लगेच ओरडू नका, ही वही बघायला मागा. तिच्यातले प्रश्न परत सोडवून झाल्याशिवाय पुढची मॉक द्यायची नाही.