दहावीच्या गणितासाठी शिकवणी लावताना काय पाहायचं, काय विचारायचं

शिकवणीचे सर शोधायला निघण्याआधी एक काम घरी करा. मुलाची किंवा मुलीची नववीची वार्षिक परीक्षेची गणिताची उत्तरपत्रिका शाळेतून पाहायला मिळते का ते विचारा. नाही मिळाली तर घटक चाचणीचे दोन-तीन पेपर चालतील. पेपर समोर ठेवून गेलेल्या प्रत्येक गुणापुढे पेन्सिलीने कारण लिहा: संकल्पना कळलेली नाही, पायरी गाळली, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ पुरला नाही. हे मुलाला शेजारी बसवूनच करा, कारण कित्येकदा खरं कारण त्यालाच माहीत असतं. तासाभरात चित्र स्पष्ट होतं. निम्म्याहून जास्त गुण आकडेमोडीत आणि घाईत गेले असतील तर शिकवणीची गरज कदाचित नाहीच. रोज वीस-पंचवीस मिनिटं घड्याळ लावून लेखी सराव केला, तरी पुष्कळ फरक पडतो.

त्यानंतर पाया तपासायला पाच छोटी उदाहरणं द्या. ३/४ मधून ५/६ वजा कर. −७ − (−४) किती? (−३)² आणि −३² यांत फरक काय? १८ टक्के जीएसटी धरून एक वस्तू १,१८० रुपयांना पडली, तर कर किती? काटकोन त्रिकोणाच्या काटकोनाजवळच्या बाजू ६ आणि ८ सेमी असतील तर कर्ण किती? यासाठी लागणारं गणित सातवी ते नववीचं आहे. जीएसटीच्या प्रश्नात बरीच मुलं १,१८० चेच १८ टक्के काढतात, तिथे लक्ष ठेवा. उत्तर १८० रुपये आहे. पाचांपैकी तीन उदाहरणं चुकली तर दहावीचा पोर्शन धडाधड पुढे नेणारा कोणताही क्लास उपयोगाचा नाही. सुरुवातीचे महिना-दीड महिना मागच्या इयत्तांच्या दुरुस्तीला देणारी व्यक्ती तुम्हाला हवी आहे. हे लक्षात न घेता लावलेल्या शिकवण्याच सर्वात जास्त वाया जातात. मूल वर्षभर वर्गसमीकरणं उतरवून घेतं आणि अडतं मात्र आठवीतल्या अवयवांपाशी.

मग बोर्ड आणि माध्यम. राज्य मंडळाच्या दहावीत गणित भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती, असे ४०-४० गुणांचे दोन स्वतंत्र पेपर असतात. प्रत्येकाला दोन तास मिळतात. उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. दोन्ही पेपरांत ‘कृती पूर्ण करा’ प्रकारचे प्रश्न येतात. चौकटी भरताना मुलाला दुसऱ्याने आखलेल्या पायऱ्यांवरून चालावं लागतं, आणि स्वतःच्या पद्धतीने उदाहरण सोडवता येणारी मुलंही तिथे गडबडतात. म्हणून फोनवरच विचारा: ‘पेपरचा आराखडा कसा असतो, सांगाल का?’ जे खरोखर दहावीला शिकवतात त्यांना हे तोंडपाठ असतं. उत्तर गोलमोल आलं तर समजा की सर गणितात हुशार असतील, पण या परीक्षेशी त्यांचा रोजचा संबंध नाही.

इंजिनिअरिंगला असलेल्या मुलामुलींकडे शिकवणी लावताना हा मुद्दा हमखास निघतो. ती उदाहरण झटकन सोडवून दाखवतात, पण मंडळाला हवी असलेली मांडणी विसरलेली असतात. भूमितीत आकृती, पक्ष, साध्य, सिद्धता आणि प्रत्येक विधानापुढे कंसात कारण, असं लिहावं लागतं. ‘कोको कसोटी’ किंवा ‘समरूप त्रिकोणांच्या संगत बाजू’ एवढे दोन शब्द गाळले तरी उत्तर बरोबर असूनही गुण जातात. अशा शिक्षकांना नकार द्यायचं कारण नाही, अनेक जण जीव लावून शिकवतात. फक्त पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं आधी वाचून यायला त्यांना स्पष्ट सांगा.

सेमी इंग्रजीच्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांचं गणित इंग्रजीत असतं, पण समजतं मराठीतून. शिक्षकाने समजावताना मराठी आणि लिहून घेताना इंग्रजी वापरणं, ही या मुलांसाठी सगळ्यात चांगली सोय. फक्त इंग्रजीतूनच बोलणारे सर घरात आवडतात खरे, पण शाब्दिक उदाहरणाचा अर्थच न कळलेलं मूल तिथे गप्प बसून राहतं. सीबीएसईचं मूल असेल तर पुस्तक एनसीईआरटीचं, पेपरची रचना निराळी, आणि दहावीत गणिताचे स्टँडर्ड व बेसिक असे दोन पर्याय. दोन्ही बोर्डांची मुलं एकाच बॅचमध्ये बसवणाऱ्या ठिकाणी आपल्या मुलाच्या पुस्तकातले सराव संच कधी होणार, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

चौकशी कुणाकडे करायची? चौकातल्या फलकावर ९८ टक्क्यांवाल्या मुलांचे फोटो असतात, पण ती मुलं तिथे आली तेव्हा किती गुणांवर होती हे तो फलक सांगत नाही. तुमच्या मुलाला नववीत ५० गुण असतील तर ५० वरून ७० वर गेलेलं मूल शोधा आणि त्याच्या आईवडिलांशी बोला. ‘कसे आहेत सर?’ असं विचारलं की ‘छान आहेत’ एवढंच ऐकू येतं. त्याऐवजी विचारा: सर वही तपासतात का? चाचणीचा पेपर किती दिवसांत परत देतात? रद्द झालेला तास भरून काढतात का? पोर्शन कधी संपला होता?

शक्य असेल तर त्या मुलाची शिकवणीची वही मागून घ्या. जाहिरातीपेक्षा आणि पदवीपेक्षा वही जास्त बोलते. चांगल्या शिकवणीच्या वहीत मुलाच्या चुका दिसतात. चुकीच्या ओळीवर खूण असते, उदाहरणाच्या शेवटी नुसता फुली-बरोबरचा शेरा नसतो. तेच उदाहरण पुढे तारीख घालून पुन्हा सोडवलेलं आढळतं. पानामागून पान स्वच्छ, खाडाखोड नाही आणि प्रत्येक उत्तर बरोबर असेल, तर ती वही फळ्यावरून उतरवलेली आहे. ती पाहून पालक सुखावतात, आणि तिथेच फसगत होते.

आता डेमो. पहिला डेमो तास सर त्यांच्या आवडीच्या विषयावर घेतात आणि तो छानच होतो. त्यामुळे विषय तुम्ही ठरवा: मुलाच्या पेपरमध्ये जिथे ‘संकल्पना कळलेली नाही’ असं लिहिलंत, तोच भाग. त्या तासाला तुम्ही त्याच खोलीत, पण थोडं लांब बसा. पाहायचं एवढंच की चूक झाल्यावर सर काय करतात.

समजा समरूपतेचं उदाहरण आहे. दोन समरूप त्रिकोणांच्या संगत बाजू २ : ३ प्रमाणात आहेत आणि लहान त्रिकोणाचं क्षेत्रफळ १६ चौ. सेमी आहे, तर मोठ्याचं किती? मूल १६ ला ३/२ ने गुणून २४ लिहितं. एक शिक्षक म्हणतो, ‘क्षेत्रफळ आलं की वर्ग करायचा, लक्षात ठेव,’ आणि स्वतः ३६ लिहून मोकळा होतो. दुसरा आलेख कागद पुढे सरकवतो: ‘२ सेमीचा एक चौरस काढ, ३ सेमीचा एक काढ. आत एक सेमीची घरं किती?’ मूल ४ आणि ९ मोजतं. मग तो त्रिकोणाकडे येतो: ‘पाया दीडपट झाला. उंची?’ ‘तीही दीडपट.’ ‘मग क्षेत्रफळ?’ मूल दीड गुणिले दीड, सव्वादोन करतं, सव्वादोन सोळे ३६ काढतं, आणि आपलं २४ स्वतः खोडतं. याला पाच-सहा मिनिटं जास्त लागतात. पण तीन महिन्यांनी दुसऱ्या शब्दांत आलेला हाच प्रश्न ते मूल सोडवेल. पहिल्या शिक्षकाकडचं मूल ‘वर्ग करायचा की नाही’ यावर अडेल.

डेमोत घड्याळाकडेही एक डोळा ठेवा. तासातला किती वेळ पेन मुलाच्या हातात होतं? वैयक्तिक शिकवणीत निम्म्याहून जास्त वेळ ते मुलाकडे असायला हवं. तास संपल्यावर ‘समजलं का?’ असं मुलाला विचारू नका, ते हो म्हणणारच. दुसऱ्या दिवशी त्याच प्रकारचं एक उदाहरण आकडे बदलून द्या.

वैयक्तिक शिकवणी की बॅच? गणित सोपं आहे: वीस मुलांच्या बॅचमध्ये तासभर सरांनी काहीच शिकवलं नाही आणि फक्त वह्या पाहिल्या, तरी प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटं येतात. पाया पक्का आहे, फक्त शिस्त आणि सराव हवा, अशा मुलाला बॅच चांगली. बरोबरीच्या मुलांमुळे वेग येतो. पाया कच्चा असेल तर एकट्याने किंवा चार-पाच जणांत शिकलेलं बरं. फीची तुलना महिन्यावर न करता तासावर करा. उदाहरणार्थ, घरी येणारे सर आठवड्यातून तीन दिवस एक तास घेऊन महिना ३,००० रुपये मागतात, म्हणजे तासाला २५० रुपये. क्लास दहा महिन्यांचे २४,००० मागतो आणि आठवड्याला पाच दिवस दीड-दीड तास घेतो, म्हणजे तासाला ८० रुपये. आकड्यांत क्लास स्वस्त. पण जाण्यायेण्याचा वेळ धरलात तर मुलाला स्वतः बसून उदाहरणं सोडवायला संध्याकाळ उरते का, ते पाहा. शिकवणीच्या प्रत्येक तासामागे किमान तासभर घरचा सराव झाला नाही, तर दोन्हीकडचे पैसे बुडाले असं समजा. आणि रविवारी सलग तीन तासांपेक्षा आठवड्यात तीन वेळा एक-एक तास केव्हाही चांगला.

पैसे भरण्याआधी पुढच्या गोष्टी लिहून घ्या, निदान मेसेजवर तरी: फी किती आणि किती हप्त्यांत, पावती मिळणार का, सरांनी तास रद्द केला तर काय, मुलाने केला तर काय, गणपती-दिवाळीची सुट्टी कशी धरणार, मध्येच सोडलं तर किती परत. सवलतीच्या मोहाने वर्षाची फी एकरकमी भरू नका. पहिला महिना वेगळा ठेवा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठीच्या या सूचना राज्यांनी अमलात आणायच्या आहेत. पूर्ण फी भरून मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, असं त्यांत आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये आणि गुणांची हमी देऊ नये, असंही आहे. ‘९० टक्क्यांची गॅरंटी’ ऐकली की तिथून उठा.

शाळेतल्याच शिक्षकांकडे शिकवणी लावावी का, असं बरेच पालक विचारतात. नको. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे. शिवाय जे वर्गात शिकवायचं तेच संध्याकाळी पैसे घेऊन शिकवण्याने, आणि अंतर्गत गुण त्यांच्याच हातात असल्याने, सगळ्यांचीच पंचाईत होते.

सुरक्षिततेबद्दल संकोच करू नका. ओळखपत्राची प्रत मागा, आधीच्या दोन घरी फोन करा. शिकवणी हॉलमध्ये किंवा दार उघडं ठेवून, घरात मोठं माणूस असताना. सरांच्या घरी जायचं असेल तर एकदा न सांगता जाऊन या. मेसेज पालक असलेल्या ग्रुपवरच, मुलाला रात्री वेगळे नाहीत. प्रामाणिक शिक्षक या अटींवर रागावत नाही. तोही अशीच काळजी घेतो. मूल अचानक ‘मला तिकडे जायचं नाही’ म्हणू लागलं तर आळस म्हणून झटकू नका, आधी शांतपणे ऐकून घ्या.

ऑनलाइन शिकवणीत एकच तांत्रिक गोष्ट महत्त्वाची: सरांना मुलाची वही दिसली पाहिजे. सरांचा फळा कितीही सुबक असला, तरी मुलाचा मोबाइल स्टँडला लावून वहीवर रोखलेला नसेल तर चूक कुठल्या ओळीत झाली ते कळतच नाही. भूमितीच्या रचना, पट्टी-कंपासचं काम, ऑनलाइन शिकवायला कठीण जातं. ते प्रकरण शक्य तर समोरासमोर करून घ्या.

चार आठवड्यांनी वही उघडा. सुरुवातीला दिलेली तीच पाच उदाहरणं आणि पेपरमधले दोन प्रश्न पुन्हा द्या. पाहण्यासारखी धोक्याची लक्षणं: शाळेचा गृहपाठ सर करून देतात, पुस्तकातला सराव संच बाजूला ठेवून गाईड उतरवणं चालू आहे, ऑगस्टमध्येच ‘आयएमपी’ प्रश्नांची यादी आली, भूमिती सारखी पुढे ढकलली जाते, कारण सरांचा हात बीजगणितावर बसलेला आहे. शेवटचं लक्षण सहज नजरेतून सुटतं, म्हणून समरूपता आणि वर्तुळ ही दोन प्रकरणं दिवाळीपूर्वी झाली का, ते विचाराच.

दहावीच्या वर्षाची शिकवणी मार्च-एप्रिलमध्येच ठरवा. पोर्शन नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत संपला, तर जानेवारीच्या पूर्वपरीक्षेआधी दोन-दोन तासांचे पूर्ण पेपर सोडवायला वेळ मिळतो. जमत नाही असं दिसलं तर बदल दिवाळीच्या आत करा आणि नव्या सरांना जुनी वही दाखवा, म्हणजे झालेला भाग पुन्हा पहिल्यापासून होणार नाही. डिसेंबरनंतर मात्र नवीन शिकवणी लावू नका. तेव्हा मंडळाचे मागचे पेपर घरीच वेळ लावून सोडवायचे आणि अडलेले तेवढेच प्रश्न घेऊन शाळेतल्या बाईंकडे किंवा सरांकडे जायचं.