चहा प्यालेला बोर्ड टेबलावर घेण्याआधी

चहा सांडलेला लॅपटॉप आला की सोबत एक वाक्यही येतं, ‘तांदळात ठेवला होता.’ तांदळाने चिपखालचा गंज जात नाही, आणि बॅटरी जोडलेलीच असेल तर तो रात्रभर वाढतच असतो. त्यामुळे सुरुवात पेचकसांपासून. मॅकबुक एअर ए१४६६ चं खालचं झाकण पी५ ने (पाच पाकळ्यांचा पेचकस) उघडतं, आत टी५ (सहा टोकांच्या ताऱ्याचा) लागतो. बॅटरीचा कनेक्टर सुटेपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही.

बोर्डाचा, म्हणजे मदरबोर्डचा, नंबर त्याच्यावरच छापलेला असतो: २०१३-१४ चा असेल तर ८२०-३४३७, २०१५ पासूनचा असेल तर ८२०-००१६५. तो वाचूनच स्कीमॅटिक (सर्किटचा नकाशा) आणि बोर्डव्ह्यू (कुठला भाग बोर्डावर कुठे आहे ते दाखवणारी) फाइल उघडून ठेवावी. दिसायला सारख्या बोर्डांच्या फाइलींत मी एकदा अर्धा दिवस घालवलाय.

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश हाताशी असू द्या, पण धुण्याची घाई नको. आधी मायक्रोस्कोपखाली दोन्ही बाजूंचे फोटो. हिरवट गंज कुठे आहे हाच तर पहिला पुरावा, आणि ब्रश फिरला की तो गेला. हॉट एअर, म्हणजे सोल्डर वितळवणारी गरम हवेची गन, मात्र अल्कोहोल पूर्ण सुकल्यावरच चालू करायचं.

आता मीटर. एका कागदावर वीजपुरवठ्याच्या दोन लाइनी लिहून घ्या: बोर्डाची मुख्य लाइन पीपीबस_जी३एच, सुमारे ८.६ व्होल्ट, आणि पीपी३व्ही४२_जी३एच, म्हणजे ३.४२ व्होल्ट. पण व्होल्टेज नंतर. आधी चार्जर न लावता दोन्हींचा ग्राउंडशी रेझिस्टन्स मोजायचा. सीपीयूच्या कोअर लाइनीवर मीटर शॉर्ट असल्यासारखी बीप देईल, त्याला भुलू नये. तिथला रेझिस्टन्स मुळातच फार कमी असतो.

पीपीबस खरंच शॉर्ट, म्हणजे ग्राउंडला थेट चिकटलेली, निघाली तर डीसी सप्लाय लागेल, करंट लिमिट लावलेला आणि १ व्होल्टवर ठेवलेला. थेट ८ व्होल्ट द्यायचा मोह होतो. पण पीपीबसवरून सीपीयूला वीज देणारा वरचा मॉसफेट (विजेची चालू-बंद करणारी चिप) आतून शॉर्ट झालेला असेल, तर तेच ८ व्होल्ट सीपीयूत शिरतात आणि दुरुस्त करायला काही उरत नाही. १ व्होल्ट देऊन बोर्डावर अल्कोहोल टाका. जिथलं आधी उडतं तिथे गरम होतंय, शॉर्ट तिथेच. बहुतेक वेळा एखादा सिरॅमिक कपॅसिटर सापडतो. थर्मल कॅमेरा असेल तर उत्तम, पण त्यावाचून अडत नाही.

शॉर्ट नसेल तरच चार्जर लावायचा: ४५ वॉटचा, १४.८५ व्होल्टचा, चालतो याची खात्री असलेला. चार्जरच्या टोकावरचा हिरवा दिवा लागलाच नाही तर ३.४२ च्या लाइनीपासून शोध सुरू. लागला, तरी बाकीचा बोर्ड ठीक आहे असं समजू नये.

आणि हो, या मॉडेलची एसएसडी, म्हणजे गिऱ्हाइकाचा डेटा असलेली डिस्क, सुटी निघते, टी५ चा एकच स्क्रू. चार्जर लावण्याआधी ती काढून, पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव लिहून, ड्रॉवरमध्ये ठेवावी.