विंडोज लॅपटॉपचं वाय-फाय सतत नेटवर्क बदलतंय? सेटिंगला हात लावण्याआधी

आधी पेन ड्राइव्ह. लॅपटॉपच्या वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, त्यावर उतरवून ठेवा, नेट चालू आहे तोवर. ड्रायव्हर काढला की नेट गेलं, आणि नवा उतरवायचा तर नेट हवं. ऐन वेळी हे सुचत नाही, तोंडघशी पडल्यावर सुचतं. कार्ड कुणाचं ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघा: कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, तिथे हार्डवेअर आयडी. ‘व्हेन’पुढे (VEN) ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. नुसतं ‘वायफाय ड्रायव्हर’ शोधलंत तर भलतंच काहीतरी गळ्यात पडेल. लॅपटॉपचा मॉडेल नंबर घालून कंपनीच्याच साइटवरून घ्या. झिप असेल तर आत्ताच सोडवा, आत आयएनएफ (.inf) फाइल दिसली पाहिजे. झालं? नसेल तर पुढे वाचू नका.

घरच्या वाय-फायचा पासवर्ड कागदावर, लहान-मोठी अक्षरं नीट ओळखू येतील अशी. राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळा असतो, तोही. फोन आणि डेटा केबल जवळ असू द्या; यूएसबी टेदरिंगने, म्हणजे फोनचं नेट केबलने लॅपटॉपला देऊन, वेळ मारून नेता येते. नुसती चार्जिंगची केबल मात्र चालत नाही.

आता दुखणं नेमकं कुठलं ते बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘netsh wlan show interfaces’ टाइप करा, नेटवर्क बदललं की पुन्हा. एसएसआयडी, म्हणजे नेटवर्कचं नाव, तेच आहे पण बीएसएसआयडी, म्हणजे ते नाव पसरवणाऱ्या रेडिओचा पत्ता, बदलला आणि चॅनल ४४ चा ६ झाला, तर कार्ड एकाच राउटरच्या ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ या दोन बँडमध्ये (लहरींच्या पट्ट्यांमध्ये) ये-जा करतंय. (सिग्नल लांबवर पोचवणारा एक्स्टेंडर असेल तर बीएसएसआयडी बदलणारच.) नावच बदललं तर साठवलेलं दुसरं नेटवर्क ओढतंय: जुना हॉटस्पॉट, शेजाऱ्यांनी कधीकाळी दिलेलं वाय-फाय. ते ‘फरगेट’ करा किंवा ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’ची खूण काढा. बहुतेकांचं काम इथेच संपतं.

पहिल्या प्रकारात, म्हणजे बँड बदलत असेल तर, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये ‘रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस’ शोधा. इंटेलमध्ये १ ते ५ पायऱ्या असतात, मूळ ३. ती २ करा. एकदम १ नको, सिग्नल मेला तरी कार्ड त्यालाच चिकटून बसतं. ‘प्रिफर्ड बँड’ ५ वर ठेवा. बदलण्याआधी मूळ सेटिंगचा फोटो काढा, आणि एका वेळी एकच बदल, कृपा करून. चार गोष्टी एकदम फिरवल्या की कशाने बरं झालं ते कळत नाही.

राउटरवर स्मार्ट कनेक्ट (दोन्ही बँडना एकच नाव देणारी सोय) बंद, दोन्ही बँडना वेगळी नावं. ५ चा चॅनल ३६ ते ४८ मधला. ५२ ते १४४ वर रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनल सोडावा लागतो आणि लॅपटॉप पुन्हा २.४ वर येतो.

लॅपटॉपवर कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली वीज वाचवायची खूण काढा.

एवढ्यानेही भागलं नाही तरच ड्रायव्हर काढा. पेन ड्राइव्ह हातात आहे ना? फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिली ना? मग अनइन्स्टॉल, रीस्टार्ट, पेन ड्राइव्हवरचा ड्रायव्हर. नेटवर्क रिसेट, म्हणजे विंडोजची सगळी नेटवर्क सेटिंग मूळपदावर आणणं, अगदी शेवटी: साठवलेले सगळे पासवर्ड जातात, व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकतं, आणि पाच मिनिटांत मशीन आपोआप रीस्टार्ट होतं, तेव्हा उघड्या फाइली सेव्ह करा.