बेबी मॉनिटर घेताय? स्क्रीनच्या आधी वायर बघा
कॅमेरावाला बेबी मॉनिटर घ्यायचा म्हटलं की सगळे आधी पिक्सेल बघत बसतात. खरं सांगू का, रात्री अडीच वाजता अर्धवट झोपेत आपण एवढंच बघतो की बाळ झोपलंय का उठून बसलंय, त्याला ७२० पी, म्हणजे साधं एचडी चित्र, भरपूर झालं. पैसे घालायचेच तर आवाज स्वच्छ येणाऱ्या आणि बॅटरी टिकणाऱ्या मॉनिटरवर घाला, कारण आपल्याला जाग येते ती आवाजानेच, चित्राने नाही.

मग ठरवा वायफायवाला हवा की बिनवायफायचा. बिनवायफायच्या कॅमेऱ्यासोबत वेगळी स्क्रीन येते, दोघांचं आपसात चालतं, इंटरनेटचा संबंधच नाही त्यामुळे लांबून कोणी घुसायची भीती जवळपास नाही, पण घराबाहेर पडलात की काही दिसत नाही. वायफायवाला ऑफिसातूनही मोबाइलवर दिसतो, मात्र नेट गेलं की बरेचसे आंधळे होतात. मी घरीच असते म्हणून बिनवायफायचा घेतला, पस्तावले नाही.

बॉक्सवरची ३०० मीटर रेंज मोकळ्या मैदानातली असते, घरात भिंती असतात ना! आणल्या दिवशीच स्क्रीन हातात घेऊन स्वयंपाकघर, बाथरूम सगळीकडे फिरून बघा. बरेचसे मॉनिटर २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतात आणि मायक्रोवेव्हच्या लहरीही तिथल्याच, म्हणून मायक्रोवेव्ह लावला की चित्र अडखळू शकतं. आणि रेंज तुटल्यावर बीप वाजतो का हे नक्की तपासा, नाहीतर सगळं शांत आहे म्हणून आपण निवांत आणि तिकडे बाळ रडून लाल झालेलं.

आता वायर. कॅमेरा आणि त्याची वायर पाळण्यापासून कमीत कमी ३ फूट, म्हणजे साधारण १ मीटर लांब पाहिजे, पाळण्याच्या कठड्याला तर लावायचाच नाही. गळ्याभोवती वायर अडकून बाळं दगावलीयेत, त्यामुळे यात चालढकल नको. आमचा कॅमेरा कपाटावर होता, वायर मागून खाली सोडलेली, मला वाटलं लांब आहे. एक दिवस स्क्रीनवर बघते तर चित्र हळूहळू वाकडं व्हायला लागलं, आधी पाळणा तिरपा, मग छत, आणि कोपऱ्यात लेकीची घट्ट मिटलेली मूठ, मुठीत वायर! पळतच गेले. त्या दिवशी वायर भिंतीवर क्लिपांनी पक्की केली आणि पाळणा सरकवला.

वायफायवाला असेल तर कॅमेऱ्यासोबत आलेला पासवर्ड पहिल्या पाच मिनिटांत बदला, दुसरीकडे कुठेही वापरलेला टाकू नका, टू स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारतं ते) चालू करा, अपडेट आलं की लगेच घ्या. ज्या कंपनीचं ॲप दोन वर्षं अपडेटच झालेलं नाही तो कॅमेरा कितीही स्वस्त असो, सोडून द्या. कोणाचा वापरलेला घेतला तर आधी फॅक्टरी रीसेट, म्हणजे जुनं सगळं पुसून नव्यासारखा करा, आणि त्यांच्या अकाउंटवरून काढलाय ना हे विचारून घ्या. कपडे बदलताना, अंगावर पाजताना कॅमेरा सरळ बंद करते मी.

श्वास, ऑक्सिजन मोजणारे मोजे वगैरे मिळतात, पण त्यांच्या भरवशावर झोपेचे नियम सैल करू नका, बाळ पाठीवरच, गादी सपाट आणि घट्ट, पाळण्यात उशी-खेळणी काही नाही. आणि बाळ धरून उभं राहायला लागलं की वायरचं अंतर परत मोजा, तेव्हा हात कुठवर पोचतो ते बघून धक्का बसेल.