बीमटाइम जुलैत असेल तर: ओल्या प्रोटीनची तयारी

जुलैत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात न्यूट्रॉन बीम (अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनच्या झोतात नमुना तपासायची वेळ) मिळाला की आधी आनंद होतो, आणि मग खिडकीबाहेर बघितलं की पोटात गोळा येतो. लायसोझाइम या प्रोटीनची पावडर मुंबईच्या या हवेत थोडा वेळ उघडी राहिली तरी कोरडी राहत नाही, आणि आपला प्रयोग तर प्रोटीनला नेमकं किती पाणी चिकटलंय यावरच उभा आहे. त्यामुळे तयारी पाण्यापासून सुरू कर.

सगळ्यात आधी जड पाणी मागवून ठेव, म्हणजे ज्यात हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम असतो ते. न्यूट्रॉनला हायड्रोजन फार ठळक दिसतो: त्याचं विखुरण छेदक्षेत्र (तो न्यूट्रॉनला किती विखुरतो त्याचं माप, एकक बार्न) 80 बार्नच्या आसपास, ड्युटेरियमचं 8 पेक्षाही कमी. भोवतालचं पाणी जड असलं की ते मागे सरतं आणि प्रोटीनचीच हालचाल पुढे येते. पावडर जड पाण्यात विरघळवून फ्रीज-ड्राय कर (गोठवून निर्वातात सुकव), आणि हे दोन-तीनदा कर, म्हणजे प्रोटीनवरच्या बदलू शकणाऱ्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम येईल. मी पहिल्या वर्षी हे सगळं नीट केलं आणि नंतर बाटली बाकावर उघडी ठेवून जेवायला गेले. हवेतल्या बाष्पातला हायड्रोजन परत प्रोटीनवर येऊन बसला. वजन थोडं वाढलं होतं, पण त्यातलं नुसतं शोषलेलं पाणी किती आणि अदलाबदल किती, हे काटा सांगत नाही. तेव्हापासून माझं सगळं काम कोरड्या नायट्रोजनच्या ग्लोव्हबॅगमध्ये (हातमोजे जोडलेल्या बंद पिशवीत) चालतं.

मग पाणी चढवायचं, तेही वाफेतून. बंद डेसिकेटरमध्ये (हवाबंद झाकणाच्या भांड्यात) जड पाण्याची वाटी ठेव आणि पावडर मधूनमधून तोल. 200 मिलिग्रॅम कोरड्या लायसोझाइमला 80 मिलिग्रॅम चढलं की ग्रॅममागे 0.4 ग्रॅम झालं, म्हणजे प्रोटीनभोवती पाण्याचा साधारण एक थर. त्याच्या फार वर गेलीस तर थंड करताना जास्तीचं पाणी गोठून बर्फ होतं आणि त्याची शिखरं आलेखात घुसतात. जड पाण्याचा रेणू 18 ऐवजी 20 चा असतो, तेव्हा साध्या पाण्याच्या आकड्यांशी तुलना करताना रेणू मोजलेस की ग्रॅम, ते वहीत लिही. दुसरा नमुना 0.2 चा कर. तिसरा पाणी शोषून घेणाऱ्या फॉस्फरस पेंटॉक्साइडवर सुकवलेला, अगदी कोरडा. त्याला दुय्यम समजू नकोस.

कारण गंमत इथेच आहे. 1989 मध्ये डॉस्टर, कुसॅक आणि पेट्री यांनी मायोग्लोबिन या प्रोटीनवर दाखवलं की ओल्या प्रोटीनच्या अणूंची हालचाल 200 केल्विनच्या आसपास एकदम उसळी घेते. कोरड्या प्रोटीनमध्ये ती उसळी दिसत नाही. पण प्रोटीनमधले मिथाइल गट (CH₃) कोरड्यातही 100 ते 150 केल्विनच्या दरम्यान फिरू लागतात, आणि त्यामुळे आलेखात येणारा वाक पाण्याच्या खात्यावर टाकायची चूक सगळे एकदा तरी करतात. त्या खाली, कडाक्याच्या थंडीत, पाणी उलटंच वागतं: प्रोटीनला ताठ करतं. 3 ते 4 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या, म्हणजे 1 टेराहर्ट्झच्या जरा खालच्या भागात बोसॉन शिखर, म्हणजे प्रोटीनच्या संथ सामूहिक कंपनांचा उंचवटा, असतं, आणि ओल्या नमुन्यात ते कोरड्यापेक्षा वरच्या ऊर्जेला सरकलेलं दिसतं. त्यामुळे वेळ कमी पडला तरी 100 केल्विनचं मोजमाप गाळू नकोस, ओल्या आणि कोरड्या दोन्ही नमुन्यांवर घे.

तापमानाची पट्टी अशी आख: आधी पूर्ण थंड कर, मग चढत जा. 180 ते 240 केल्विनमध्ये पावलं छोटी, बाकीकडे मोठी. वाक नेमका कुठे दिसतो हे यंत्राच्या ऊर्जा-विभेदनावरही (ऊर्जेतला किती बारीक फरक ते ओळखतं यावरही) अवलंबून असतं, म्हणून ते विभेदन कळण्यासाठी व्हॅनेडियमचं मोजमाप, आणि रिकामा सेल (नमुना ठेवायची डबी) यादीत आधीच घाल. शेवटच्या रात्री कोणालाच आठवत नाही.

अ‍ॅल्युमिनियमचा सेल पातळ थराचा हवा, म्हणजे बहुतेक न्यूट्रॉन न विखुरता पार जातील. झाकण हवाबंद करणारी इंडियमची (मऊ धातूची) तार नवीनच वापर. बंद केल्यावर सेल तोल, रात्रभर निर्वातात ठेव, पुन्हा तोल. आकडा हलला तर तार बदल.

गेटपासचे कागद आठवडाभर आधी दे. हार्बर लाइनवर रविवारी मेगाब्लॉक असतो, तेव्हा सोमवारचा बीम असेल तर सामान शनिवारीच पोचव. सेल सिलिका जेलच्या डब्यात, डबा पिशवीत, पिशवी मांडीवर. आणि परत आल्यावर पुन्हा एकदा तोल.